ट्रम्पेटची जिव्हाळी



स्मृतिव्याख्यानात, माणूस गेल्यावर मागे उरणाऱ्या वस्तूंबद्दल बोलणे वावगे ठरू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजने एक ट्रम्पेट लिलावात काढले. गडद निळा रंग, त्यावर सोनेरी चंद्र आणि चांदण्या, कर्ण्याच्या आतल्या बाजूला ‘माइल्स’ हे नाव. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे हे वाद्य २,७५,००० डॉलरना गेले. त्याच कारखान्यातले, त्याच घडणीचे पण कुणा अनामिकाचे ट्रम्पेट याहून कितीतरी स्वस्तात मिळते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असणार. मग वरचे पैसे कशाचे? भक्तीचे, असे उत्तर असेल तर माझी काही तक्रार नाही. पादुकांची किंमत कुणी लाकडावरून ठरवत नाही. माझा वाद आहे तो या भक्तीच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या एका समजुतीशी. तो आवाज या वस्तूत होता, आणि तसलीच वस्तू, निदान तसलाच माउथपीस मिळवला तर त्यातला थोडाफार आपल्याही वाट्याला येईल, ही ती समजूत. जॅझ वाजवू पाहणारी जगभरची मुले कोणत्या उस्तादाने कोणता माउथपीस वापरला याच्या याद्या पाठ करतात, आणि पैसे साठवून तो विकत घेतात. ती मुले भाबडी आहेत असे म्हणून विषय संपत नाही, कारण खुद्द उस्तादही आपल्या माउथपीसला जिवापाड जपत आले आहेत. त्यांचे जपणेही खरे आणि मुलांची निराशाही खरी, हे दोन्ही एकदम कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपली जडणघडण पाहता या समजुतीला बळी पडणे आपल्याला जरा जास्तच सोपे जाते. मिरजेच्या कारागिराने जवारी काढली की तोच भोपळा, तीच दांडी आणि त्याच तारा वेगळ्याच बोलू लागतात. घोडीवरच्या केसाएवढ्या उताराने तंबोरा जिवंत होतो, हे आपण जन्मभर ऐकत आलो. सनईत हाच मान जिव्हाळीचा. पानाच्या त्या चिमुकल्या पट्ट्या कशा कापल्या आणि किती भिजवल्या, यावर मैफल ठरते. तेव्हा वाद्याच्या एखाद्या नाजूक जागी त्याचा प्राण असतो, हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. ट्रम्पेटबाबत मात्र तो आपल्याला चकवतो. ट्रम्पेटमध्ये जिव्हाळीच नाही. साधारण दीड मीटर लांबीची पितळी नळी, ती मुडपून बसवलेली, मध्ये तीन व्हॉल्व्ह, एका टोकाला कर्णा आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढा माउथपीस. यातले काहीही आपण होऊन कंप पावत नाही. कंप पावतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. मधल्या सप्तकातला ४४० कंपनांचा सूर लावायचा तर ओठ एका सेकंदात ४४० वेळा उघडून मिटावे लागतात, आणि वरच्या सप्तकात जाल तसा हा आकडा दुप्पट होतो. सनईवाला जिव्हाळी बदलू शकतो, खिशात चार जादा ठेवू शकतो. ट्रम्पेटवाल्याची जिव्हाळी त्याच्या चेहऱ्यात असते आणि ती एकच असते.

आता तो माउथपीस जरा जवळून पाहू. हातात घेतला तर लहानशा पेल्यासारखा दिसतो. ओठ टेकतात ती गोल कड, तिच्या आत सोळा-सतरा मिलिमीटर रुंदीची वाटी, वाटीच्या तळाशी एक भोक आणि तिथून पुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी. नेहमीच्या माउथपीसचे ते भोक जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचे असते. वाजवणाऱ्याचा सारा श्वास तेवढ्यातून जातो. तळहात कडेवर पटकन आपटला तर ‘टप्प’ असा आवाज येतो, आणि त्या आवाजालाही स्वर असतो. ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी या ‘टप्प’च्या स्वराला मोठे महत्त्व दिले आहे, कारण नळीतल्या कोणत्या कंपनांना हा माउथपीस हात देणार हे त्यावरून कळते. वाटी खोल असली की तो स्वर खाली उतरतो आणि नाद घनदाट, काळसर होतो. वाटी उथळ असली की नाद उजळतो, टोकदार होतो. म्हणजे माउथपीसने काहीच फरक पडत नाही, असे मी म्हणणार नाही. ते शास्त्राला धरून होणार नाही. प्रश्न असा, की माणसा-माणसांतल्या फरकाशी ताडून पाहिला तर हा फरक केवढा?

याचे उत्तर द्यायला इतिहासाने एक सोय आपणहून करून ठेवली आहे. इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावी, वाद्यांच्या कारखान्यांसाठीच नावाजलेल्या त्या गावात, मार्टिन कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘कमिटी’ नावाचे ट्रम्पेट काढले. वादकांच्या सल्लागार समितीवरून ते नाव पडले. आराखड्याचे मुख्य काम रेनल्ड शिल्की यांचे, जे पुढे स्वतः नामांकित वाद्यकार झाले. हे ट्रम्पेट १९४० आणि ५० च्या दशकांत जॅझवाल्यांच्या इतके हाती बसले, की डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस आणि चेट बेकर हे तिघेही ते वाजवत होते. आता हे तिघे आठवून पाहा. गिलेस्पी म्हणजे फुलबाजी. गाल बेडकासारखे फुगलेले, सूर ठिणग्यांसारखे उडणारे, वरच्या सप्तकात लीलया धाव. डेव्हिस म्हणजे मोजके बोलणारा माणूस. लहानपणी सेंट लुईसच्या बाजूला एल्वुड ब्युकॅनन या शिक्षकाने त्याला सूर थरथरवू नकोस, सरळ लाव, असे बजावले होते, आणि तो सरळ सूर त्याने कधी सोडला नाही. बेकर म्हणजे कानाशी कुजबुज. तो गाई तसाच वाजवी, आणि वाजवी तसाच गाई. एका कारखान्याच्या एकाच घडणीतून हे तीन आवाज निघाले, तिघांत गल्लत करणारा श्रोता मिळणे कठीण. आवाज नळीत असता तर या तिघांत निदान घरोबा तरी दिसायला हवा होता.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतील, घडण एक असली तरी पत्र्याची जाडी, मिश्रधातू, लॅकर की चांदीचा मुलामा, यांत सगळी गंमत आहे. विक्रेत्यांचा तर हा धर्मग्रंथच आहे. पण डोळ्यांवर पट्टी बांधली की हा धर्मग्रंथ डळमळतो. जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली बासरीबाबत प्रयोग प्रसिद्ध केला. चांदी, तांबे आणि लाकूड अशा तीन निरनिराळ्या नळ्यांच्या, पण आतून सारख्या मापाच्या बासऱ्या त्यांनी घेतल्या. श्रोत्यांना तर त्या ओळखता आल्या नाहीतच, हातात काय आहे हे कळू न दिल्यावर वाजवणाऱ्यांनाही आल्या नाहीत. बासरी वेगळी आणि पितळी वाद्य वेगळे, असे कुणी म्हणेल म्हणून सांगतो, इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ यांनी ट्रॉम्बोनच्या कमी-अधिक जाडीच्या कर्ण्यांवर अशीच चाचणी घेतली आणि अनुभवी वादकही फरक सांगू शकले नाहीत. दुसरी बाजूही मांडतो. टॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रम्पेटचा कर्णा दाबून त्याचे थरथरणे बंद केले, तेव्हा नादात मोजता येण्याजोगा बदल दिसला. तेव्हा धातू अगदीच मुका नाही. पण तो बदल टिपायला यंत्र लागते, आणि डेव्हिस व गिलेस्पी यांच्यातला फरक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतो. आणि धातू मुळीच नसला तर? मे १९५३ मध्ये टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये गिलेस्पीच्या शेजारी उभा राहून चार्ली पार्कर सॅक्सोफोन वाजवत होता, आणि तो सॅक्सोफोन होता प्लास्टिकचा. ग्राफ्टन नावाचा, दिसायला खेळण्यासारखा. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ऐकू येतो तो पार्करच. तो प्लास्टिकचा सॅक्सोफोन १९९४ साली लंडनमध्ये ९३,५०० पौंडांना विकला गेला. म्हणजे पितळेची थोरवी सांगणाऱ्यांनी प्लास्टिकलाही सोने करून दाखवले!

दुसरा आक्षेप गिलेस्पीच्याच नावाने येतो. ६ जानेवारी १९५३ ला मॅनहॅटनमधल्या ‘स्नूकीज’ या ठिकाणी त्याच्या पत्नीचा, लॉरेनचा, वाढदिवस साजरा होत होता. स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कुणीतरी धडपडले आणि कर्णा वर उचलला गेला. गिलेस्पीने ते वाद्य नंतर सरळ करून घेतले खरे, पण त्या रात्री वाजवताना कानाला जे जाणवले ते त्याला आवडले होते. पुढे त्याने मार्टिनकडून मुद्दाम वाकडे ट्रम्पेट करून घेतले. आपल्याकडे नाचता येईना त्याला अंगण वाकडे म्हणतात. या गृहस्थाचे अंगण खरोखरच वाकडे झाले, आणि तो त्यावर जवळजवळ चाळीस वर्षे नाचला. (त्याचा मृत्यूही ६ जानेवारीलाच झाला, १९९३ च्या.) आक्षेप असा, की वाद्याचा आकार बदलला आणि वादकाला नवा आवाज सापडला, हे तर माझ्या म्हणण्याच्या उलट झाले. वस्तुस्थिती पाहू. नळीच्या वळणाने नाद फारसा बदलत नाही. बदलत असता तर मुळात मुडपलेले ट्रम्पेट आणि आणखी मुडपलेले खिशातले छोटे ट्रम्पेट यांत जमीन-अस्मान दिसले असते. जॅझवादक डॉन चेरी असल्या छोट्या ट्रम्पेटवर आयुष्य काढून गेला, आणि नळीची लांबी त्यातही तीच. बदलते ती दिशा. ट्रम्पेटचे उंच स्वरांश कर्ण्याच्या नाकासमोर सरळ निघून जातात, आणि वाजवणारा कर्ण्याच्या मागे असल्यामुळे स्वतःचा अर्धाच आवाज ऐकतो. त्यातून कागदावर नजर ठेवून वाजवणाऱ्याचा कर्णा खाली झुकलेला, म्हणजे उरलेला आवाज जमीन खाणार. कर्णा वर गेल्यावर गिलेस्पीला स्वतःचा सूर लवकर आणि स्वच्छ ऐकू येऊ लागला. त्या अपघाताने त्याला जे मिळाले ते कानासाठी मिळाले. आधी जो आवाज होता तोच त्याला नीट दिसला, इतकेच. सभागृहातल्या श्रोत्यांना त्याने दिले ते मुख्यतः एक चित्र, आणि ते त्याने धंद्यासाठी फार हुशारीने वापरले, हेही नाकारू नये.

तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. डेव्हिसचा १९५० च्या दशकातला तो काचेसारखा, दूरवरून आल्यासारखा आवाज हार्मन म्यूटचा आहे. कर्ण्यात बसवायचे ते ॲल्युमिनियमचे बूच, मधली दांडी काढून टाकलेली, आणि माइक अगदी जवळ. यात साधनाचा वाटा निर्विवाद आहे. पण मग एक विचारतो. हार्मन म्यूट तेव्हाही दुकानात मिळत होता, आजही मिळतो, आणि कोणताही ट्रम्पेटवाला तो बसवून पहिला सूर लावतो तेव्हा श्रोते ‘हा डेव्हिससारखा वाजवतोय’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तेच श्रोते गप्प होतात. म्यूटने रंग दिला. कुठे थांबायचे, हे म्यूटच्या डब्यात येत नाही.

आता मूळ कोड्याकडे वळतो. आवाज वस्तूत नसेल तर डेव्हिसने तरुणपणी सेंट लुईसच्या काळात हाती आलेला हाइम जातीचा खोल माउथपीस पुढे धरून का ठेवला? आणि तो एकटाच नव्हे. व्हिन्सेंट बाख नावाचा ऑस्ट्रियन वादक १९१४ साली अमेरिकेत आला. दौऱ्यावर असताना एका दुरुस्तीवाल्याने त्याचा माउथपीस बिघडवून ठेवला. बाखचे शिक्षण अभियंत्याचे. वैतागून त्याने स्वतःच माउथपीस कातायला घेतले, १९१८ पासून धंदा उभा राहिला, आणि आज जगातली बहुतेक मापे त्याच्याच पद्धतीने बोलली जातात. आकडा लहान तेवढी वाटी रुंद आणि अक्षर पुढचे तेवढी वाटी उथळ, अशी ती उरफाटी पद्धत आहे आणि शिकणाऱ्यांना ती अजून छळते. एका बिघडलेल्या माउथपीसपायी माणूस कारखानदार होतो, याला लहर म्हणून चालणार नाही. याचे उत्तर माझ्या मते असे, की माउथपीसने श्रोत्याच्या कानात जो फरक पडतो तो लहान, पण वादकाच्या तोंडात पडतो तो प्रचंड. मनातला आवाज काढायला अंगातून किती किंमत मोजावी लागेल, हे माउथपीस ठरवतो. कड जाड असली तर दाब पसरतो, ओठ उशिरा थकतो, पण सूर वाकवायला अवघड. कड पातळ असली तर सूर हवा तसा वळतो, पण तीच कड ओठात रुतते. उथळ वाटीवर उंच सूर कमी श्रमात टिकतात. मेनार्ड फर्ग्युसनसारखा, शिट्टीच्या उंचीवर तासन्‌तास राहणारा माणूस उथळ वाटीवर वाजवी. पण त्याचा माउथपीस घेऊन त्याची उंची गाठता येत नाही. ज्याच्याकडे ती उंची आधीच आहे त्याला ती रोज रात्री परवडावी, एवढेच त्या वाटीचे काम. चप्पल पायाला बसावी लागते. दुसऱ्याची घालून त्याची चाल येत नाही, उलट फोड येतात.

आणि फोड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. लुई आर्मस्ट्राँगचे कोणतेही जवळून घेतलेले छायाचित्र पाहा. वरच्या ओठावर वर्षानुवर्षांच्या व्रणांची जाड वळी दिसते. कॉर्नेट सोडून ट्रम्पेट धरल्यानंतर, मोठ्या नाट्यगृहांतून एका मागोमाग उंच ‘सी’ लावून प्रेक्षकांना वेडे करण्याचा त्याचा तो काळ. १९३३-३४ च्या युरोप दौऱ्यात ओठ इतके बिघडले की त्याला काही महिने वाजवणे थांबवून पॅरिसमध्ये राहावे लागले. पुढे जर्मनीतल्या मानहाइमहून येणारे ओठांचे मलम तो नेमाने वापरी. १९८२ मध्ये हाइमे प्लानास या शल्यविशारदाने ट्रम्पेटवाल्यांच्या ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू फाटण्याच्या दुखापतीवर निबंध लिहिला, तेव्हा त्या विकाराला आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हटले. एखाद्या कलावंताचे नाव रागाला मिळते, घराण्याला मिळते. याचे नाव दुखापतीलाही मिळाले. आर्मस्ट्राँगला चांगली वाद्ये मिळत नव्हती असे नाही, सेल्मरसारखी नामांकित कंपनी त्याच्यासाठी हजर होती. वाद्याने किंमत कमी-जास्त केली, माफ केली नाही. ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डचा ओठ १९९२ मध्ये फाटला. तो पूर्वीसारखा पुन्हा कधीच वाजवू शकला नाही, आणि जगातला कोणताही माउथपीस त्याच्या कामी आला नाही.

उलट, वस्तू न येताही आवाज प्रवास करतो, याचा दाखला आपल्या घरचाच आहे. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवी आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्याला जवळ केले, आणि ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांतून ती ट्रम्पेटची झेप ज्यांनी आर्मस्ट्राँगचे नावही ऐकले नव्हते अशांच्या गणपतीच्या मांडवापर्यंत पोचली. शिकागोहून मुंबईला जे आले ते मुख्यतः ७८च्या तबकड्यांवरून आले. तबकडीवर ट्रम्पेटची बनावट कळत नाही, वाटीची खोली दिसत नाही. ऐकू येते ते वाक्य कुठून उचलले आणि कुठे सोडले एवढेच, आणि चिक चॉकलेटने तेवढेच उचलले.

एक शंका तरीही उरते, आणि ती सर्वांत गंभीर आहे. जिव्हाळी चेहऱ्यात असते असे म्हणताना मी आवाज वस्तूतून काढून शरीरात ठेवला, इतकेच ना? मग ओठ-दातांचा घाट हेच रहस्य झाले, आणि ते तर आणखी अप्राप्य. यावर माझ्याकडे चेट बेकर आहे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला मारहाण झाली आणि त्यानंतर त्याचे दात गेले. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे ओठांमागची भिंत. कड त्यांवरच टेकते. कवळी बसवून त्याला पहिल्या सुरापासून पुन्हा शिकावे लागले. जुने स्नायू, जुनी सवय, काही कामाचे नव्हते. १९७३ मध्ये गिलेस्पीच्या खटपटीने न्यूयॉर्कच्या ‘हाफ नोट’ क्लबमध्ये त्याला काम मिळाले आणि तो परत उभा राहिला. तरुणपणीचे मार्टिन केव्हाच गेले होते. पुढच्या वर्षांत निरनिराळ्या बनावटीची ट्रम्पेटे त्याच्या हातात येत-जात राहिली. म्हणजे वाद्य दुसरे आणि ज्यावर कड टेकते ती दातांची भिंतही दुसरी. आता १९५२ चे सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनबरोबरचे ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ लावा, आणि त्यापाठोपाठ १९८० च्या दशकातले त्याचे कोणतेही मुद्रण लावा. श्वास आखूड झाला आहे. सुरांच्या कडा झिजल्या आहेत. मधूनच हवा फुसकन निसटते, वरची जागा टाळली जाते, आणि जिथे पूर्वी चार सूर असत तिथे आता दोनच येतात. पण तिसऱ्या सुरापर्यंत थांबावे लागत नाही. कोण वाजवतो आहे, हे त्याच्या आधीच कळलेले असते.